जुन्या मारुती 800 चा टायमिंग बेल्ट खास अवजारांशिवाय घरी बदलता येईल का?

सातारा_८००

नमस्कार मंडळी. आमच्याकडे 1996 सालची कार्ब्युरेटरची मारुती 800 आहे. वडिलांनी ती वापरलेली घेतली होती आणि आधीच्या मालकाने टायमिंग बेल्ट (इंजिनाचा मुख्य दांडा म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांना एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा) कधी बदलला, किंवा बदलला तरी का, याची नोंद कोठेच सापडत नाही. नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ जवळ आली म्हणून मी गाडीची कामे काढली आणि सहज टायमिंगचे वरचे कव्हर उघडले, तेव्हा बेल्टच्या पाठीवर आडव्या बारीक चिरा दिसल्या आणि एका कडेचे धागे सुटलेले आढळले. जवळच्या एका गॅरेजमध्ये विचारले असता, 'तुटला की बघू, तोपर्यंत चालवा' असे उत्तर मिळाले. ते मला पटले नाही.

माझ्याकडे गोटी पान्यांचा साधा संच, रिंग पाने, कात्री जॅक, दोन जॅक स्टँड आणि फीलर गेज (बारीक फटी मोजण्याच्या पट्ट्या) एवढेच साहित्य आहे. पुली ओढून काढणारा पुलर नाही, क्रँक-कॅम जागेवर अडवणारे लॉकिंग टूल नाही, आवळण्याचा जोर मोजणारा टॉर्क रेंचही नाही. क्लच प्लेट आणि ब्रेक लायनर मी घरी बदललेले आहेत, परंतु टायमिंगला अजून कधी हात लावलेला नाही. एवढ्या साहित्यावर हे काम अंगणात नीट होईल का, आणि खास अवजारांवाचून नेमके कोठे अडेल, हे कृपया अनुभवी सभासदांनी सांगावे.

वसाहतीतला_फिटर

नमस्कार. मी तीस वर्षे पिंपरीत फिटर होतो. घरच्या ओम्नीचा बेल्ट मी दोनदा स्वतः बदलला आहे. तुमच्या गाडीतील आणि माझ्या ओम्नीतील इंजिन एकच, म्हणजे 796 सीसीचे, तीन सिलिंडरचे एफ-8-बी. घरगुती कामासाठी याहून सोयीचे इंजिन मिळणे कठीण, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे.

पुलरची आणि लॉकिंग टूलची चिंता आधी मिटवू. क्रँकच्या पुलीकडे पाहिलेत तर मध्ये एक मोठा बोल्ट आणि त्याच्याभोवती लहान बोल्ट दिसतील. बाहेरची पुली त्या लहान बोल्टांनी आतल्या दातेरी पुलीवर बसवलेली असते, म्हणून ते लहान बोल्ट काढले की पुली हातात येते आणि मधल्या मोठ्या बोल्टला केवळ इंजिन हाताने फिरवण्यापुरतेच वापरावे लागते. इतर अनेक गाड्यांत घरच्या माणसाचा घाम ज्या एका बोल्टपायी निघतो, तो येथे सोडवावाच लागत नाही. लहान बोल्ट सोडताना पुली फिरू लागली तर गाडी वरच्या गिअरमध्ये टाकावी आणि घरातल्या कोणाला तरी ब्रेकवर पाय दाबून बसवावे, एवढा अटकाव पुरेसा होतो.

आता क्रम सांगतो. बॅटरीची ऋण बाजू सोडा आणि तिन्ही प्लग काढा, म्हणजे इंजिन दाबाविना हलके फिरेल. टायमिंगच्या बाजूचे पुढचे चाक काढा, गाडी जॅक स्टँडवर टेकवा आणि मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. केवळ कात्री जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. वॉटर पंपाच्या पुलीचे बोल्ट अल्टरनेटरचा बेल्ट ताणलेला असतानाच ढिले करावेत, कारण तो बेल्ट एकदा निघाला की ती पुली हातात गरगर फिरते आणि पाना लागू देत नाही. त्यानंतर अल्टरनेटरचा बेल्ट, वॉटर पंपाची पुली, क्रँकची पुली आणि टायमिंगचे कव्हर या क्रमाने निघतात.

खुणा जुळवणे हे या कामाचे मर्म आहे. मधल्या बोल्टला 17 नंबरची गोटी लावून इंजिन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, आणि केवळ त्याच दिशेने, फिरवा. क्रँकच्या दातेरी पुलीवरील पंचाची खूण ऑइल पंपाच्या अंगावरील बाणासमोर आली पाहिजे आणि त्याच क्षणी कॅमच्या पुलीवरील खूण मागच्या पत्र्यावरील खाचेसमोर असली पाहिजे. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक फेरा, त्यामुळे क्रँकची खूण जुळूनही कॅमची खूण तळाशी दिसू शकते. तसे दिसल्यास आणखी एक फेरा द्यावा. वर्षानुवर्षांच्या काजळीखाली या खुणा दडलेल्या असतात. रॉकेलच्या चिंधीने पुसून त्यांवर व्हाइटनरचा ठिपका द्या आणि मोबाइलवर समोरून छायाचित्र काढा. तिरक्या कोनातून काढलेले छायाचित्र एका दाताची फसवणूक सहज करते.

आता बहुतेक जण वगळतात ती पायरी. बेल्ट काढण्यापूर्वी टॅपेटचे कव्हर उघडून सहाही टॅपेटचे (कॅमचा दाब व्हॉल्व्हवर पोचवणाऱ्या भागांचे) स्क्रू पूर्ण ढिले करावेत. तसे न केल्यास व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा दाब कॅमवर राहतो आणि बेल्ट निघताच कॅम झटक्याने पुढे किंवा मागे पळतो. त्याहून मोठे कारण पुढे येते. या इंजिनात बेल्टचा ताण टेन्शनरची (बेल्टला टेकून तो ताणणाऱ्या चाकतीची) लहानशी स्प्रिंग ठरवते, आणि कॅम मोकळा फिरत असेल तरच त्या स्प्रिंगला ढिलाई बरोबर खेचून घेता येते. कॅम अडखळत असताना बसवलेला बेल्ट हाताला घट्ट लागतो, पण पहिल्याच फेऱ्यात सैल पडतो. टॅपेट मोकळे करायचे म्हणजे नंतर ते फीलर गेजने पुन्हा लावणे आले. तुमच्याकडे फीलर गेज आहे, म्हणून हे टाळण्यास सबब उरलेली नाही.

नवा बेल्ट चढवताना टेन्शनरच्या विरुद्ध बाजूची, म्हणजे ओढ घेणारी बाजू ताठ ठेवा आणि सगळी ढिलाई टेन्शनरकडे येऊ द्या. स्प्रिंग अडकवल्यावर क्रँकला दोन पूर्ण फेरे द्या, खुणा पुन्हा तपासा, मग टेन्शनरचा आधी स्टड आणि नंतर बोल्ट आवळा. बेल्टवर बाण छापलेला असेल तर तो फिरण्याच्या दिशेकडे असावा. नवा बेल्ट पिळू नये, उलटा वळवू नये आणि टॉमीने रेटून तर मुळीच चढवू नये, कारण आतल्या काचतंतूंच्या दोऱ्या एकदा मोडल्या की बाहेरून काहीच दिसत नाही.

तुमच्या बेल्टच्या चिरा वयाच्या आणि उष्णतेच्या आहेत. परंतु कडेचे धागे सुटणे हे वयाचे लक्षण नव्हे. बेल्ट कशाला तरी घासतो आहे किंवा टेन्शनर तिरका चालतो आहे. टेन्शनर हातात घेऊन फिरवून पाहा आणि त्याची बेअरिंग खरखरत किंवा डुलत असेल तर जुन्या टेन्शनरवर नवा बेल्ट चढवू नका. कॅम आणि क्रँकच्या ऑइल सीलखाली ओल दिसते का तेही त्याच वेळी बघून घ्या, कारण तेलाने बेल्टचे रबर मऊ पडते आणि दात मुळापासून सुटतात.

मडगावकर

काकांनी सांगितलेली पद्धत 800 साठी अगदी योग्य आहे, परंतु हा धागा वाचून कोणी दुसऱ्या गाडीवर तीच पद्धत लावू नये म्हणून लिहितो. माझ्याकडे 2001 ची होंडा सिटी आहे, पहिल्या पिढीची. तिचे इंजिन पुलीच्या बाजूने पाहिले असता घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. जगातली बहुतेक इंजिने घड्याळाच्या दिशेने फिरतात म्हणून मी सवयीने तसेच फिरवले, टेन्शनरची बाजू ताणली गेली आणि माझी अर्धी दुपार त्यातच गेली.

या गाडीत क्रँकचा मधला बोल्ट सोडवावाच लागतो आणि तो भयंकर आवळलेला असतो. तेव्हा अनेक जण सुचवतात की बोल्टला लांब हँडल लावून ते चॅसीला टेकवावे आणि स्टार्टरचा एक झटका द्यावा, म्हणजे बोल्ट आपोआप सुटेल. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या इंजिनात हा प्रकार निदान तत्त्वतः चालतो, कारण हँडल जागच्या जागी अडते आणि क्रँक बोल्टच्या खालून पुढे सरकतो. उलट्या दिशेने फिरणाऱ्या होंडात हाच झटका बोल्ट अधिक आवळतो. आणि चालतो म्हणालो तेथेही हँडल निसटले तर ते कोणाच्या हनुवटीवर जाईल याचा नेम नसतो. मी शेवटी पुलीच्या षटकोनी खाचेत बसणारे होल्डर एका ओळखीच्या मिस्त्रीकडून दोन दिवसांसाठी उसने आणले. शिवाय या गाडीत बाजूचे इंजिन माउंट सोडावे लागते, त्यासाठी ऑइल पॅनखाली लाकडी फळी ठेवून जॅकचा आधार द्यावा लागतो. थोडक्यात, खास अवजार लागते की नाही हे माणसाच्या कौशल्यावर नव्हे, इंजिनाच्या रचनेवर ठरते.

सातारा_८००

दोघांचेही मनापासून आभार. दोन शंका उरल्या आहेत. पहिली, टॉर्क रेंच नसताना टेन्शनरचा बोल्ट किती आवळावा? दुसरी, माझ्या मावसभावाने एक युक्ती सांगितली: जुना बेल्ट जागेवर असतानाच ब्लेडने लांबीच्या दिशेने अर्धा कापायचा, नवा बेल्ट उरलेल्या जागेत अर्धा सरकवायचा, मग जुन्याचा उरलेला भाग कापून नवा पूर्ण आत ढकलायचा. असे केल्यास खुणा बघण्याची गरजच पडत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. हे कितपत खरे?

वसाहतीतला_फिटर

बाजारात ही युक्ती बरीच चालते आणि ज्या इंजिनात टेन्शनर मागे सरकवल्यावर बेल्टला पुरेशी ढिलाई मिळते तेथे ती साधतेही. माझा आक्षेप वेगळा आहे. ही युक्ती चालू स्थितीची हुबेहूब नक्कल करते, आणि चालू स्थिती बरोबरच आहे असे गृहीत धरते. तुमच्या गाडीचा इतिहास ठाऊक नाही. आधीच्या कोणी एक दात चुकवून बसवला असेल, तर तुम्ही तोच एक दात श्रद्धेने पुढे चालवाल. क्रँकच्या दातेरी पुलीला 20 दात धरले तर एका दाताचा फरक क्रँकच्या 18 अंशांचा होतो. एवढ्या फरकाने गाडी सुरू होते, चालतेही, पण चढावर दम सोडते, पेट्रोल जास्त पिते आणि मालक कार्ब्युरेटरला दोष देत बसतो. अशा गाड्या मी पाहिल्या आहेत. बेल्टवर आणि पुल्यांवर रंगाचे ठिपके देऊन, दात मोजून, तेच ठिपके नव्या बेल्टवर उतरवणे ही पद्धत तपासणीसाठी उत्तम आहे, पण कारखान्याच्या खुणांच्या जागी ती घेऊ नये.

टॉर्कविषयी. घरात सामान तोलण्याचा हुकाचा काटा असतोच. विमानप्रवासासाठी घेतात तो डिजिटल काटाही चालेल. समजा मॅन्युअलमध्ये एखाद्या बोल्टला 2.5 किलोग्रॅम-मीटर दिले आहे. बोल्टच्या मध्यापासून 25 सेंटिमीटरवर पान्याला काटा अडकवा आणि पान्याशी काटकोन राखून हळूहळू ओढा. काट्यावर 10 किलो दिसले की थांबा. न्यूटन-मीटरमध्ये आकडा असेल तर 9.8 ने भागून किलोग्रॅम-मीटर काढावे. काटकोन सुटला की हिशेबही सुटतो, एवढे ध्यानात ठेवा. काट्याने मोजलेले हे माप प्रयोगशाळेतले नव्हे, परंतु अंदाजाने आवळणाऱ्या हातापेक्षा कितीतरी खात्रीचे आहे. ॲल्युमिनियममध्ये बसणाऱ्या लहान बोल्टांचे आटे अंदाजाच्या हाताने किती सहज जातात, हे तुम्ही क्लचच्या कामात अनुभवले असेलच.

श्टुटगार्टवासी

मी मूळचा नाशिकचा, सध्या जर्मनीत आहे आणि येथे तासाच्या भाड्याने लिफ्ट देणाऱ्या कार्यशाळेत माझ्या डाचिया डस्टरचा बेल्ट बदलला. तिच्यात रेनोचे 1.5 लिटरचे के-9-के डिझेल इंजिन आहे. भारतात डस्टरमध्ये तेच येत होते, म्हणून येथे लिहिणे अस्थानी होणार नाही. या इंजिनात उच्चदाबाचा इंधन पंपही त्याच बेल्टवर चालतो आणि क्रँक तसेच कॅम पिना घालून जागेवर अडवावे लागतात. मीही सुरुवातीला ठिपक्यांवर भागवण्याच्या विचारात होतो. परंतु डिझेलमध्ये पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह यांच्यात जागाच नसते, चुकीचा एक फेरा म्हणजे व्हॉल्व्ह वाकलेच. पिनांचा संच बेल्टच्या किटच्या मानाने स्वस्त मिळाला, तेव्हा तो वाचवण्यात काही शहाणपण नव्हते. इनोव्हा 2.5 डिझेलच्या मालकांनीही हा धागा वाचून उत्साहाच्या भरात अंगणात काम काढू नये असे मला वाटते. ज्यांच्या गाड्यांत टायमिंग चेन आहे, उदाहरणार्थ 1.3 मल्टिजेट डिझेलच्या स्विफ्ट, त्यांचा तर हा विषयच नाही.

एक विचारू का? 800 मध्ये डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) कॅमवरून फिरतो ना? मग बेल्ट बदलल्यावर इग्निशनचे टायमिंगही पुन्हा लावावे लागेल काय?

वसाहतीतला_फिटर

डिस्ट्रिब्युटर कॅमच्या टोकालाच आहे. त्याचा बोल्ट ढिला केला नाही आणि कॅमच्या खुणा आधीही बरोबर होत्या, तर इग्निशन जवळजवळ जागच्या जागी राहते. कॅम आधी एक दात चुकलेला असेल आणि तुम्ही तो सुधारलात, तर मात्र डिस्ट्रिब्युटरही त्याच मापाने सरकतो आणि टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ दाखवणारा दिवा) लावून तपासावेच लागते. टायमिंग लाइट कोणत्याही जुन्या गॅरेजमध्ये असतो. तेवढ्यासाठी गाडी हळू चालवत नेण्यात कमीपणा नाही.

सातारा_८००

काम पूर्ण झाले, म्हणून सविस्तर कळवतो. शनिवारी सकाळी आठला सुरुवात केली आणि रविवारी दुपारी गाडी सुरू झाली. अनुभवी माणसाला यात हसू येईल, पण मध्ये पाच तास केवळ एका भागासाठी बाजारात गेले.

क्रँकची पुली काकांनी सांगितल्याप्रमाणे लहान बोल्टांवरच निघाली. त्यांतला एक गंजलेला होता, त्यावर रात्रभर गंजनाशक तेल मुरू दिले. वॉटर पंपाच्या पुलीचे बोल्ट बेल्ट ताणलेला असताना ढिले करायचे आहेत हे मी वाचले होते, लक्षातही ठेवले होते, आणि तरीही बेल्ट आधी काढला. मग जुनाच बेल्ट पुलीभोवती गुंडाळून एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने पाना चालवला.

टेन्शनर हातात घेतल्यावर कडेच्या धाग्यांचे कोडे उलगडले. बेअरिंग खरखरत होती आणि चाकती बोटाने ढकलली की स्पष्ट डुलत होती. तोच भाग आणायला मी बाजारात गेलो. पहिल्या दुकानातल्या खोक्यावरची छपाई धूसर होती आणि चाकतीवर क्रमांकच नव्हता, म्हणून दुसरीकडून सीलबंद घेतला. सीलखाली ओल नव्हती.

आता मुख्य गोष्ट. मी बेल्ट काढण्यापूर्वी खुणा तपासल्या तेव्हा क्रँकची खूण बाणासमोर होती आणि कॅमची खूण खाचेच्या एक दात मागे. आधी मला वाटले की माझी नजर तिरकी आहे. छायाचित्र समोरून काढले, दोन फेरे देऊन पुन्हा पाहिले, आईलाही दाखवले. एक दाताचा फरक कायम होता. मावसभावाच्या युक्तीने गेलो असतो तर तो फरक तसाच नव्या बेल्टवर आला असता. सहाही टॅपेट मोकळे केल्यावर कॅम बोटांनी हलवता आला आणि खूण खाचेसमोर सहज बसली.

पहिल्या प्रयत्नात मात्र माझ्याकडूनही चूक झाली. बेल्ट चढवताना ओढ घेणारी बाजू किंचित सैल राहिली, दोन फेऱ्यांनंतर कॅम पुन्हा मागे दिसला आणि बेल्ट काढून पुन्हा बसवावा लागला. दुसऱ्या वेळी खुणा जुळल्या. खात्रीसाठी मी चार फेरे दिले. टेन्शनरचा बोल्ट वडिलांच्या तांदूळ तोलायच्या काट्याने आवळला. टॅपेट थंड इंजिनावर 1-3-2 या फायरिंग क्रमाने, दर वेळी क्रँक 240 अंश पुढे नेऊन लावले. या कामाला बेल्टपेक्षा जास्त वेळ लागला.

गाडी सुरू झाली, परंतु रिकाम्या चालीवर थोडी उंच फिरत होती आणि रेस केली की बारीक टकटक ऐकू येत होती. काकांचे शेवटचे उत्तर आठवले, म्हणून सोमवारी सावकाश चालवत एका जुन्या मिस्त्रींकडे नेली आणि टायमिंग लाइट लावला. इग्निशन ठरलेल्या खुणेच्या बरेच पुढे होते. आधीच्या कोणीतरी कॅम चुकलेला असताना डिस्ट्रिब्युटर फिरवून गाडी कशीबशी जुळवून घेतली असावी, असे मिस्त्री म्हणाले. त्यांनी डिस्ट्रिब्युटर जागेवर आणला, आणि काल यवतेश्वरचा घाट गाडी तिसऱ्या गिअरवर चढली. यापूर्वी तेथे दुसरा गिअर टाकावाच लागत असे.

वॉटर पंपाच्या पुलीचा एक बोल्ट माझ्याकडून थोडा गोल झाला आहे. तो बदलण्यासाठी नेमक्या मापाचा बोल्ट सुटा मिळेल का, हे कोणाला ठाऊक असल्यास कळवावे.

वसाहतीतला_फिटर

सुटा मिळतो. जुना बोल्ट सोबत घेऊन जा, नुसत्या मापावर मागू नका. लांबी जास्त झाली तर टोक आत टेकते आणि आवळल्यासारखे वाटूनही पुली सैल राहते. डोक्यावर 8.8 हा ताकदीचा दर्जा कोरलेला असावा.